कानबाईच्या गाण्यांतली काटछाट

बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला प्रकल्पासाठी मी कानबाईची गाणी निवडली ती अभ्यासूपणानं नव्हे. धुळ्यात आमच्या गल्लीत श्रावणातल्या त्या एका रात्री बायका उजाडेपर्यंत गायच्या आणि मला झोपायचं नसायचं, एवढंच. आज मी एकांकिका आणि नभोनाट्यं लिहितो. कोणी विचारलं तर 'त्या प्रकल्पानं पाया घातला' असं ऐटीत सांगतो. पण मला घडवलं ते बरंचसं प्रकल्पातून मी गाळलेल्या मजकुरानं.

कानबाई बसते नागपंचमीनंतरच्या रविवारी. नारळाला नथ, दागिने घालून तिला चौरंगावर मांडतात आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर नेतात. नैवेद्याच्या रोटाचे गहू घरातल्या पुरुषांच्या नावानं मुठीनं मोजायचे. देवी बाई, गाणाऱ्या बाया, जागरणही त्यांचंच. मुठी तेवढ्या पुरुषांच्या! यात एक अख्खं नाटक आहे. माझ्या प्रकल्पात त्यावर एक ओळही नव्हती.

बरं, गाणी घेतली कधी? ऐन हिवाळ्यात, कारण प्रकल्प द्यायची तारीख जवळ आली होती. मावशीच्या ओट्यावर बायका जमवल्या तेव्हा एक आजी म्हणालीच, "का रे भाऊ, कानबाई काय हिवाळामा येस का?" मी हसण्यावारी नेलं. मग गाता गाता दोघींचं जुंपलं. एकीच्या मते नणंदेचं कडवं आधी, दुसरी म्हणे तुझ्या माहेरी असेल तसं, इथं नाही. त्यावरून माहेरं निघाली, जुनी लग्नं निघाली, कोणी कोणाला रोट दिला नव्हता तेही निघालं. मी काय करावं? कॅसेट वाया जाते म्हणून टेप बंद केला. भांडण मिटलं की पुन्हा सुरू. संवाद लिहायला बसलो की आजही मी ती न भरलेली कॅसेट आठवून लिहितो.

दुसरी चूक अज्ञानाची. प्रस्तावनेत बहिणाबाईंना मी बिनदिक्कत 'अहिराणीच्या कवयित्री' करून टाकलं. असोद्याच्या बहिणाबाईंची बोली लेवा गणबोली. त्या १९५१ साली गेल्या, गाणी पुस्तकरूपानं आली १९५२ साली. पुस्तक कपाटात होतं, उघडून कानानं वाचलं असतं तरी धुळ्याच्या अहिराणीशी फरक कळला असता. तोंडी परीक्षेत झाली ती शोभा झालीच. पण त्यानंतर खान्देशातलं कुठलंही पात्र बोलायला लागलं की मी आधी विचारतो, बाई शिरपूरची की रावेरची?

तिसरी चूक अजून छळते. कोणतं गाणं कोणी म्हटलं, याची नोंदच ठेवली नाही. १९२७ पासूनचं राजवाडे संशोधन मंडळ गावातच, घरापासून सायकलच्या अंतरावर. नोंदी कशा ठेवतात हे तिथं जाऊन विचारता आलं असतं. मी फिरकलो नाही. मला वाटे, तिथं फक्त जुनी दप्तरं.

पुढे त्यातलंच एक कडवं एकांकिकेत वापरलं आणि पत्रिकेवर 'पारंपरिक' छापून मोकळा झालो. धुळ्यातल्या प्रयोगानंतर एक बाई विंगेत आल्या. म्हणाल्या, त्यातल्या दोन ओळी आमच्या सासूबाईंनी रचल्या होत्या. खरं असेल, नसेलही. तपासायला माझ्याकडे एक नाव नव्हतं.