चिखलातील अपरिग्रह

अमेरिकेतील नेवाडा राज्यात ब्लॅक रॉक नावाचे वाळवंट आहे. तेथे वाळूच्या टेकड्या नाहीत. आटून गेलेल्या प्राचीन सरोवराचा, पिठासारख्या मातीचा सपाट तळ आहे. दरवर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस ‘बर्निंग मॅन’ या उत्सवासाठी त्यावर तंबूंचे नगर वसते. २०२३ मध्ये सत्तर हजारांहून अधिक माणसे जमली असता १ सप्टेंबरला पाऊस कोसळला. मातीचा चिकट चिखल झाला, वाहने रुतली, वाट बंद झाली. अन्न, पाणी व इंधन जपून वापरावे, अशी सूचना निघाली.

या नगरात बर्फासारखा अपवाद सोडता काही विकत मिळत नाही. प्रत्येकाने आपली शिदोरी आणावी आणि जे द्यायचे ते मोबदल्याविना द्यावे, हा तेथील संकेत. एरवी तो हौसेचा भाग वाटावा. पण आता त्याची कसोटी लागली. काहीजण चिखल तुडवीत पायीच बाहेर पडले. मागे राहिलेल्यांपैकी अनेकांनी कोरडा निवारा आणि अन्न अनोळखी माणसांसह वाटून घेतले.

त्याच दिवसांत भारतात साधु-साध्वींचा चातुर्मास चालू होता. पावसाने भूमी सूक्ष्म जीवांनी भरते, म्हणून ते स्वेच्छेने विहार थांबवितात. वाळवंटातील माणसे नाइलाजाने थांबली. हे अंतर मोठे आहे. तथापि श्रावकाने त्यातून एक गोष्ट घ्यावी. भरल्या बाजारात परिग्रहाचे परिमाण ठरविणे सोपे असते. पुरवठा खुंटल्यावर ‘माझे’ या शब्दाला मर्यादा घालणे, हीच व्रताची खरी परीक्षा होय. ४ सप्टेंबरला वाट मोकळी झाली; ही परीक्षा मात्र घरोघरी चालूच आहे.