हातपाय धड असलेला माणूस

"हातपाय धड आहेत ना? मग काम करून खा की!" भिवंडीत कल्याण नाक्यावर रिक्षा अडकली की हे वाक्य हमखास कानावर पडतं. बोलणारा दुष्ट नसतो. बहुधा तो स्वतः दिवसभर राबून घरी निघालेला असतो आणि घामाच्या पैशाचा त्याला अभिमान असतो. तो अभिमान मला कळतो. पण यंत्रमागाच्या या गावात हे वाक्य मला टोचतं.

कारण इथलं काम कसं आहे ते आपण बघत आलो आहोत. बारा-बारा तासांची पाळी, मजुरी कापडाच्या मीटरवर. माग थांबला की मजुरी थांबली. बहुतेकांच्या नावावर ना भविष्यनिर्वाह निधी, ना नोकरीचा कागद. खडखडाटाने कान जातात, कापसाच्या तुसाने छाती भरते. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून कोवळ्या वयात आलेला कारागीर पन्नाशीला धापा टाकू लागला की त्याच्या मागावर दुसरा उभा राहतो. बिस्सीत, म्हणजे कारागिरांच्या खाणावळीत, महिन्याच्या हिशेबाने जेवणाऱ्याचा हिशेब थकला, की ताट किती दिवस मिळणार? असा माणूस उद्या नाक्यावर आला, तर त्याचे हातपाय धडच दिसतील. छातीतलं कुणाला दिसत नाही.

२०२० च्या टाळेबंदीत माग बंद पडले आणि हेच कारागीर खिचडीच्या रांगेत उभे राहिले. हजारो जण मुंबई-नाशिक महामार्गाने चालत निघाले. त्यांना कुणी भिकारी म्हटलं नाही. संकट सगळ्यांचं होतं, म्हणून कारण दिसत होतं. एकट्यावर तेच संकट आलं की आपण कारण त्याच्या स्वभावात शोधतो.

आणि आपण देत नाही असंही नाही. रमजानमध्ये इथे जकात निघते, दिवानशाह दर्ग्यापाशी हात सैल होतात, वज्रेश्वरीच्या पायऱ्यांवर सुट्टे पैसे वाटले जातात. तिथे कुणी कुणाला हातपाय विचारत नाही. नाक्यावर पुण्य पदरात पडत नाही, म्हणून तिथे चौकशी सुरू होते. हे मला फार लागतं.

कायदाही असाच चौकशी करणारा आहे. १९५९ चा मुंबईचा भिक्षा प्रतिबंधक कायदा वॉरंटशिवाय अटक करू देतो. पहिल्याच खेपेला एक ते तीन वर्षं डांबण्याची तरतूद त्यात आहे. गाणं गाऊन, भविष्य सांगून मागणाराही त्यात येतो. शब्दशः धरलं तर आपला वासुदेवसुद्धा! दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तिथे लागू असलेल्या याच कायद्यातली भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमं घटनाबाह्य ठरवली. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही भिकाऱ्यांना रस्त्यावरून हटवण्याचा आदेश द्यायला नकार दिला. माणूस भीक मागतो ते गरिबीपायी, असं न्यायमूर्ती म्हणाले. महाराष्ट्रात मात्र कायदा उभाच आहे.

लहान मुलांच्या हातावर मी पैसे ठेवत नाही. त्यांच्यामागे कोण उभं आहे ते कळत नाही, आणि त्यासाठी १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक आहे. मोठ्या माणसाला मात्र मी विचारत नाही, देते. त्याने त्याचा चहा घ्यावा, नाहीतर विडी ओढावी. चौकशी करायचीच असेल, तर ज्या कारखान्यात तो वीस वर्षं उभा होता तिथे जाऊन करावी: याचं नाव कुठल्या वहीत होतं, आणि छाती भरल्यावर याच्या औषधाचे पैसे कुणी दिले?