दिवाळीच्या आतली शाळा

मोखाड्याच्या एका पाड्यावर आम्ही वनहक्काचे कागद वाचायला बसायचो. बायका आधी एकच विचारायच्या, "दादा, परीक्षा नाय ना?" सरकारी साक्षरता वर्गानंतर दीडशे गुणांची चाचणी असते, हे त्यांच्या कानावर होतं. नाही म्हटलं की पुढे सरकून बसायच्या.

पुस्तक म्हणजे त्यांच्याच पिशवीतले कागद. एका आजोबांच्या प्रमाणपत्रावर क्षेत्र होतं ०.२०.००. हेक्टर, आर, चौरस मीटर अशी तीन घरं फळ्यावर आखली. शंभर आरांचा हेक्टर, आणि आर म्हणजे जवळपास गुंठाच. म्हणजे वीस गुंठे, अर्धा एकर. आजोबा कसत होते दीड एकर. "मग माजी वरईची जागा गेली कुठं?" त्या रात्री घराघरातली प्रमाणपत्रं बाहेर आली. शाळेत वर्षानुवर्षं शिकवूनही दशांश चिन्ह इतक्या झटपट मी कुणाच्या गळी उतरवलेलं नाही!

२००६ चा वनहक्क कायदा १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसलेल्या वनजमिनीवर, चार हेक्टरच्या मर्यादेत, हक्क देतो. ज्येष्ठांचा लेखी जबाबही पुरावा ठरतो. तेव्हा लेखनाचा धडा आयताच मिळाला: शेजारच्या म्हातारीने सांगायचं, सुनेने लिहायचं.

परीक्षेविना शाळा ही कल्पना नवी नाही. डॅनिश विचारवंत ग्रुंटविग यांच्या विचारातून डेन्मार्कमधल्या रोडिंगला १८४४ साली पहिली लोकशाळा निघाली. शेतकऱ्यांची तरुण मुलं हिवाळ्यात तिथेच राहून इतिहास, भाषा, गाणी शिकत. परीक्षा नव्हती, डेन्मार्कच्या लोकशाळांत आजही नसते. मला हेवा वाटतो तो त्या हिवाळ्याचा. शेत थांबलं की तिथला शेतकरी शाळेत जाई. आमचा जव्हार-मोखाड्याचा शेतकरी भात झोडून झालं की उचल घेऊन भिवंडी-वसईकडच्या वीटभट्टीवर जातो, बायकोपोरांसकट. परीक्षा काढून टाकणं सोपं आहे, रिकामा हंगाम आणायचा कुठून?

आपल्याच पालघर जिल्ह्यात, कोसबाडला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणातच शाळा भरवली होती. मोठ्यांसाठीही तसंच, त्यांच्या कामाच्या वेळा पाहून करावं लागेल.

तेव्हा या भागात प्रौढांचे वर्ग घ्यायला येणाऱ्यांनो, लावणी उरकली की या आणि भाद्रपद-आश्विनातच काय ते शिकवा. दिवाळीनंतर आलात तर पाड्यावर म्हातारी माणसंच भेटतील.