ढोलीच्या फटीतून

कोकणातल्या देवराईत ऐन उन्हाळ्यात जुन्या बेहड्याच्या ढोलीला एक अरुंद फट दिसते. आत महाधनेशाची मादी ढोलीचं तोंड लिंपून स्वतःला कोंडून घेऊन बसलेली असते.

नर येतो तेव्हा चोच रिकामीच वाटते. मग तो मान झटकतो, घशात साठवलेलं एकेक उंबर चोचीच्या टोकावर आणतो आणि फटीतून आत देतो. एवढी अवजड चोच, पण देणं किती हळुवार! उंबराचा गर झटकन पचतो, पण त्यात प्रथिनं कमी. म्हणून पिल्लासाठी सरडे, किडेही येतात.

फळांच्या मोठ्या बिया तो ओकून टाकतो, उंबराच्या बारीक बिया विष्ठेतून पडतात. ढोलीखाली कोवळी रोपं दिसतात ती त्यामुळेच.

देवराईतला जुना बेहडा तोडू नका. नव्या झाडाला अशी ढोली व्हायला कित्येक दशकं लागतात.