आंब्याच्या वासाचे एक पेय

कोकणात ऋतू जिभेवरून ओळखता येतो. चैत्रात कैरीचे पन्हे, वैशाखात रातांब्याच्या सालींत साखर भरून उन्हात ठेवलेल्या बरण्या आणि मृगाचा पाऊस लागेपर्यंत आमरस, हा क्रम गुहागरच्या आमच्या घरी कोणी लिहून ठेवलेला नाही. तरी तो सहसा चुकत नाही. या पेयांची चव आणि गुण लहान मुलांनाही ठाऊक असतात. नव्या पेयाच्या बाबतीत मात्र चव एक सांगते आणि गुण दुसराच असू शकतो. गेल्या वैशाखात आम्हांस याचा प्रत्यय आला.

माझा पुतण्या पुण्यास नोकरीला आहे. सुट्टीत येताना त्याने आंब्याचा रस घातलेल्या गव्हाच्या बिअरची एक बाटली आणली. वय सत्तावीस, सरकारी परवाना खिशात; तेव्हा कायद्याची बाजू त्याने सांभाळलीच होती. बाटली लपवून न ठेवता त्याने ती सरळ ओटीवर आणून उघडली. आमच्या घरात असे पूर्वी कधी घडले नव्हते.

बिअर पेल्यात ओतताच गढूळ सोनेरी रंग दिसला आणि वर पांढरा दाट फेस आला. पहिला वास हापूसचा, आणि त्यामागून कुरडयांसाठी तीन दिवस भिजत घातलेल्या गव्हाचा आंबूस वास. मी दोन घोट घेतले. गोडी अपेक्षेहून कमी, आंबटपणा सौम्य, शेवटी किंचित कडूपणा. चव वाईट होती असे म्हणणे खोटे होईल.

ही चव येते कशी, हे पुतण्याने समजावून सांगितले. गव्हाला व जवाला मोड आणून ते वाळवतात, मग गरम पाण्यात भिजवून त्यांतील पिठाची साखर होऊ देतात. हॉप नावाच्या वेलीची कडू फुले घालून तो काढा उकळतात आणि निवल्यावर यीस्टने आंबवतात. बव्हेरियातील गव्हाच्या बिअरला येणारा केळ्याचा व लवंगेचा वास त्या यीस्टचाच असतो. बिअरमध्ये फळ मुरवण्याची रीतही जुनी आहे. बेल्जममध्ये ब्रुसेल्सच्या आसपास गहू व जव यांची लँबिक नावाची बिअर थंडीच्या दिवसांत करतात आणि तीत आंबट चेरी मुरवून क्रीक तयार होते. आपल्या आंब्याला ही संगत अलीकडची आहे. पुण्यात लहान प्रमाणावर बिअर करणारी पहिली शाळा २००९ साली निघाली, त्यानंतरची.

इतक्यात झोपाळ्यावरच्या काकूंनी विचारले, "कसले रे हे सरबत? वास आंब्याचा येतोय."

आम्ही सारे स्तब्ध झालो. पुतण्या म्हणाला, "आजी, सरबत नव्हे, बिअर आहे. आंब्याचा रस आहे, पण दारूही आहे, शेकडा पाच."

काकूंनी झोपाळा थांबवला. "त्यांनी मला असे कधी सांगितले नाही," त्या म्हणाल्या. "औषध आहे म्हणत. पेला मीच धुऊन ठेवीत असे. मला कळले तेव्हा निम्मे आगर गहाण पडले होते." मग क्षणभराने म्हणाल्या, "तू नाव सांगितलेस, हे बरे केलेस. मला नको. माझ्यासाठी कोकम आण."

काकांविषयी आमच्या घरात चाळीस वर्षे कोणी बोलले नव्हते. त्या दुपारी काकू पुष्कळ बोलल्या आणि पुतण्या त्यांच्या पायाशी बसून ऐकत राहिला. त्याचा पेला अर्धाच राहिला.

या पेयाचा खरा धोका मला त्याच्या कडूपणात दिसत नाही, तर ओळखीच्या वासात दिसतो. गहू आपल्या कोठीतला, आंबा आपल्या आगरातला. त्यामुळे जीभ सहज फसते आणि शेकडा पाचाचा आकडा मनातून निसटतो. साखर भरलेल्या रातांब्याचे पेय आणि हे पेय यांना एकाच पंक्तीस बसवता येणार नाही, मग दोन्हींत फळ का असेना.

अशी बाटली पुष्कळ सुशिक्षित घरांत आज ना उद्या येईल. घ्यावी की न घ्यावी, हे प्रत्येक घराने आपल्या विचाराने ठरवावे. काही घरी उत्तर नकारार्थी येईल आणि ते योग्यही असेल. पण ती आली तर तिच्या खऱ्या नावाने यावी, वडीलधाऱ्यांच्या देखत यावी, आणि कोणी "मला नको" म्हटले तर त्याच्यासाठी कोकमाचा पेला तितक्याच अगत्याने पुढे व्हावा.