काजळ कुठे लागलं

लोखंड आणि लाकूड यांच्यामधे जी जागा असते, तिच्यावर आमचं घर चाललं. बंदुकीची नळी कोणत्या कारखान्याची, दुर्बीण किती रुपयांची, याच्याशी मला फारसं देणंघेणं नव्हतं. नळी जिच्यात बसते ती बॉडी लाकडी दस्त्यात नीट बसली का, आणि बसली तर तिथेच राहील का, एवढंच मी बघत आलो. नागपूरच्या महालात केळीबाग रस्त्याच्या आतल्या अंगाला वडिलांच्या वेळचा बाक अजून आहे. दुरुस्तीचा परवानाही आहे. कामं मात्र कशी, तर बँकेच्या रखवालदाराच्या दुनळीचं पिचलेलं लाकूड, उमरेड-भिवापूरकडच्या एखाद्या शेतकऱ्याची पीक राखायच्या परवान्यावरची बारा बोअर, क्वचित ईशापूरची .315, आणि नेमबाजी करणाऱ्या पोरापोरींच्या .22.

मागच्या हिवाळ्यात भाच्याकडे कॅलगरीला गेलो. हा माझ्याच बाकावर पटाशी धरायला शिकला, मग इंजिनिअर झाला, मग तिकडे गेला. तिकडे परवाना काढून, हंगाम पाळून हरणाची शिकार करता येते. त्यासाठी त्याने नवी रायफल घेतली होती, आणि मी बूट काढायच्या आत त्याने पेटी उघडली. आत लाकूड नव्हतंच. मधे मॅग्नेशियमचा कणा, मागेपुढे कार्बन फायबर, पिस्तुलाला असते तशी उभी मूठ, गालाखाली स्क्रूवर वरखाली होणारी पट्टी. याला चॅसी म्हणतात, ट्रकची असते तीच. अख्खी चॅसी 26 औंसांची, म्हणजे पाऊण किलोलाही किंचित कमी.

"मामा, याला काही करावंच लागत नाही नं," तो म्हणाला. "बॉडी ठेवायची, दोन स्क्रू आवळायचे, झालं."

मी म्हटलं, उकलून दाखव.

चॅसीच्या पोटात इंग्रजी व्हीच्या आकाराची खाच होती. गोल बॉडी त्या खाचेत दोन अंगांनी टेकते, दोनच रेघांवर. त्या रेघा मी बोटाने चाचपल्या. चकाकलेल्या, सरळ, या टोकापासून त्या टोकापर्यंत सारख्या जाडीच्या. धक्का झेलणारा लग आपल्या जागी चिकटून. भाच्याने टॉर्कचा पाना काढला, 65 इंच-पौंडांवर लावला, पहिला स्क्रू आवळला. टक् आवाज आला. दुसरा आवळला, पुन्हा टक्. वेळ किती लागला ते लिहीत नाही, मला त्रास होतो.

कारण तेच काम मी काजळाने करतो. बॉडीच्या पोटाला तेलात कालवलेलं काजळ अगदी पातळ लावायचं, ती लाकडात दाबायची, उचलायची, काळं लागलं तिथे नुसता भुगा निघेल इतकंच खरवडायचं, पुन्हा दाबायची. सगळीकडे सारखं काळं लागेपर्यंत हेच. धंद्यातल्या माणसाला हे सांगायला नको. पण काळं सारखं लागलं तरी काम झालेलं नसतं, हे धंद्यातलेही बरेच जण कबूल करत नाहीत.

भर उन्हाळ्यात, नवतपात महालातली हवा इतकी कोरडी असते की जुन्या दारांच्या फळ्यांमधून उजेड आत येतो. 2013च्या मे महिन्यात नागपूरचा पारा 47.9 अंशांपर्यंत चढला होता. अशा हवेत बसवलेला दस्ता श्रावणात फुगतो. फुगतो तोही सारखा नाही, ज्या अंगाला रेषा आडवी गेली असेल त्या अंगाला जरा जास्त. मग नळीला कुठेतरी टेकतो आणि गोळी सरकते. पोळा, मारबत होते न होते तोच गिऱ्हाईक दारात उभं. "मिस्त्री, डावीकडे जाऊन राहिली." मी पुन्हा काजळ लावतो, फुगलेलं खरवडतो, गोळ्यांचा ग्रुप जागेवर येतो, माणूस खूश होऊन जातो. दिवाळीनंतर हवा कोरडी पडली की तीच जागा पोकळ. काढलेलं लाकूड परत घालता येत नाही.

यावर मी काय काय केलं! वडील दस्त्याला बाहेरून जवसाचं तेल पाजत, मी आतूनही पाजलं, खोबणीत, स्क्रूच्या भोकांत, बटप्लेटच्या मागे, जिथे आडवं कापलेलं लाकूड तहानलेलं असतं तिथे तर पुन्हा पुन्हा. फुगणं कमी झालं, थांबलं नाही. मग नळीखालची खोबण मोकळी केली, लाकूड आणि नळी यांच्यातून कागदाची पट्टी सरकन फिरेल इतकी. नळी सुटली, पण बॉडीखालचा प्रश्न तसाच. मग हवा बघून काम घ्यायला लागलो. ऑक्टोबरात बसवायचं, म्हणजे दोन्ही टोकं सारख्या अंतरावर. गिऱ्हाइकाला वाटायचं, मिस्त्री भाव खातो. जरासा खातही होतो.

.315ची तऱ्हा आणखी वेगळी. ती ली-एनफिल्डच्या घराण्यातली, लाकूड दोन तुकड्यांत. मागचा दस्ता लांब बोल्टने आवळला की त्याची कटकट मिटली. पण पुढच्या लाकडाच्या मागच्या टोकाला दोन खांदे असतात आणि बॉडीचा सगळा मार त्या दोघांवर. एक खांदा केसभर मागे राहिला की दुसरा एकटा मार खातो आणि एक दिवस चिरतो. वरून बघणाऱ्याला काही दिसत नाही, फक्त गोळ्या पसरायला लागतात आणि माणूस दुर्बिणीला शिव्या देतो. ऑस्ट्रेलियात लिथगोच्या कारखान्यात मऊ लाकूड वापरायची वेळ आली, तेव्हा त्यांनी त्या खांद्यांवर तांब्याच्या पट्ट्या ठोकल्या. युक्ती चांगली. मला ती बरेच दिवस हार मानल्यासारखी वाटायची.

पुढे मीही हार मानलीच. बॉडीला मेणाचा हात द्यायचा, दस्त्यात ॲरल्डाइट भरायचं, बॉडी दाबून रात्रभर ठेवायची, सकाळी उचलली की तिचा हुबेहूब साचा तयार. काजळ लावून बघितलं तर सगळं पोट काळं. मला स्वतःचीच चोरी पकडल्यासारखं झालं. त्यानंतर स्क्रूच्या भोकांत अॅल्युमिनियमची नळकांडी बसवायला लागलो, म्हणजे स्क्रू कितीही आवळला तरी लाकूड चेपत नाही. तेव्हा दस्त्यात अॅल्युमिनियम आधी मीच शिरवलं. भाच्याच्या चॅसीने फक्त उरलेलं लाकूड बाहेर काढलं.

वडिलांच्या वेळी या बाकापाशी वेगळे लोक बसायचे. पन्नास-साठच्या दशकांत नागपूर हे शिकारीच्या कंपन्यांचं गाव होतं. ॲलविन कूपरसारख्या इथल्या कंपन्या अमेरिकन मासिकांत जाहिराती देऊन वाघासाठी गिऱ्हाइकं आणत. पाहुण्यांच्या .375 मॅग्नम रायफली दमट मुंबईतून कोरड्या नागपुरात येत आणि कधी कधी मुठीपाशी चिरलेल्या निघत. दुसऱ्या दिवशी साहेबाला जंगलात जायचं असे, म्हणून वडील रात्रीतून सांधून देत. 1970 मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली, मग 1972चा वन्यजीव कायदा, आणि तो धंदा बसला. महालातल्या कट्ट्यांवर अजून एखाददुसरा म्हातारा त्या दिवसांच्या गोष्टी सांगतो, आणि दर वर्षी वाघ वीतभर लांब होतो. मला त्यांचा कंटाळा आहे. बंदी आली ते झकास झालं. आज पेंच-ताडोबाला जिप्सीतून जी गर्दी जाते, ती तेव्हा वाचलेल्या वाघांचीच पिलावळ बघायला जाते.

वडील सांगत, त्या साहेबी दस्त्यांपैकी काहींच्या बाहेर नक्षी आणि आत पटाशीचे खड्डे असायचे. आमचे काही भाऊबंद आज त्याच वळणावर गेलेत. पॉलिश असं की तोंड दिसावं, बाजूला वाघाचं मुंडकं कोरलेलं, आणि उकलून बघावं तर बॉडी तीन ठिकाणी कशीबशी टेकलेली. वर सागवान वापरतात आणि अभिमानाने सांगतात, बल्लारपूरचं आहे. बल्लारपूरचा साग अयोध्येच्या दारांना गेला, दिल्लीच्या नव्या संसदेला गेला. जिथे जायचा तिथे गेला. रायफलीचा धक्का खायला अक्रोड हवा. तो काश्मिरात तोडायचा तर 1969च्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते, आणि चांगला वाळलेला ठोकळा आला तरी त्याची किंमत ऐकून गिऱ्हाईक पाणी मागतं.

चॅसी हे काही शिकाऱ्याच्या डोक्यातून निघालेलं खूळ नाही. इंग्लंडचा माल्कम कूपर 1984ला लॉस एंजेलिस आणि 1988ला सोल, दोन्ही ऑलिंपिकांत तीन पोझिशनच्या रायफलीत सुवर्ण जिंकला. त्याच्या कंपनीने ब्रिटिश सैन्यासाठी रायफल केली, तिला आत अॅल्युमिनियमचा कणा आणि बाहेरून प्लास्टिकची नुसती सालं. लाकडाने ज्याला छळलं असेल अशाच माणसाचं हे काम, असं मला वाटतं, आणि म्हणून त्याच्यावर राग धरता येत नाही.

आपल्याकडे कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने 1 ऑगस्ट 2024ला ऑलिंपिकचं ब्राँझ घेतलं, त्यानंतर पोरं अॅल्युमिनियमच्या दस्त्यांची चौकशी करत माझ्याकडेही आली. त्यांची गरज मात्र भाच्याच्या नेमकी उलटी. पन्नास मीटरवर दहाचा गोल 10.4 मिलिमीटरचा. उभ्याने मारताना त्यांना वजन हवं असतं, नियमात 8 किलोपर्यंत चालतं, आणि ते वजन हाताची थरथर गिळतं. भाच्याला बर्फातून डोंगर चढायचा असतो, दिवसभरात मारली तर एक गोळी. एकच युक्ती एकाला जड करून हवी, दुसऱ्याला हलकी.

हलकी म्हणजे किती, ते रेंजवर कळलं. त्याच्या परवान्यावर, त्याच्या देखरेखीखाली मी मारली. आधी पालथं पडून, बायपॉडवर. 6.5 क्रीडमूर, ही गोळीच मुळात 2007ची, त्यातल्या त्यात गरीब धक्क्याची. शंभर मीटरवर तीन गोळ्या रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या जातील इतक्या जवळ गेल्या. माझ्या हातच्या कोणत्याही दस्त्याने मला हे दिलेलं नाही. नळी पातळ आहे, पाचव्या गोळीपर्यंत ती तापून पसरवायला लागते, हे मी लगेच दाखवून दिलं. दाखवून देताना आवाजात जो आनंद होता तो भाच्याने ओळखला असणार.

मग उभं राहून धरली. उजव्या हाताला अलीकडे कंप आहे. पटाशी धरताना मनगट लाकडावर टेकलेलं असतं, तेव्हा तो लपतो. जड रायफलीतही बराच लपतो. इथे दुर्बिणीतली फुली कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत चालली होती. थंडीने पट्टी अशी गार की गाल टेकवता येईना, टेकवला तर डोळा दुर्बिणीच्या मधोमध येईना. बोल्ट उघडून मी रायफल त्याच्या हातात दिली.

घरी येऊन घनतेचे आकडे काढून बसलो, काही तरी हाती लागेल म्हणून. अक्रोड 0.6च्या आसपास, मॅग्नेशियम 1.74, अॅल्युमिनियम 2.7. म्हणजे हलकं लाकूडच! दोन मिनिटं फार बरं वाटलं. पण मॅग्नेशियमची भिंत दोन-तीन मिलिमीटरवर थांबवता येते आणि ती तशीच उभी राहते. अक्रोड तेवढा पातळ केला तर पहिल्या गोळीला त्याच्या काटक्या होतील.

आणि एक सांगून टाकतो. नळीखालच्या खोबणीत, दस्ता उकलल्याशिवाय कोणाची नजर जाणार नाही अशा जागी, मी पेन्सिलीने सही आणि तारीख घालत आलो. गिऱ्हाइकाला कधी सांगितलं नाही. मी गेल्यावर कोणी तरी मिस्त्री उघडेल, काजळ लावून बघेल आणि म्हणेल, हा महालातला कोण होता बुवा. शुद्ध मिजास आहे, वडिलांनी पकडली असती तर कान पिळला असता. भाच्याच्या चॅसीत मी त्या जागी वाकून पाहिलं. तिथे कोरलेला नंबर होता, रेखीव. त्या नंबराचा मला हेवा वाटला. तो ग्रुप कोणीही स्क्रू आवळले असते तरी तसाच आला असता, हे मला अजून पचलेलं नाही.

खंडेनवमीला भाच्याने फोटो पाठवला. पाटावर टॉर्कचा पाना, त्याला हळदकुंकू, आणि शेजारी मी दिलेली अर्ध्या इंचाची पटाशी. पटाशीच्या धारेवर गंज नव्हता, हे मी फोटो मोठा करून पाहिलं.

गार पट्टीचा त्रास त्यालाही होतोच. आता त्याला ती लाकडाची हवी आहे. वडिलांच्या ठेवणीतला अक्रोडाचा एक तुकडा निघाला, बारीक रेषेचा, इतकी वर्षं माळ्यावर राहून हवेला कंटाळलेला. माप पाठव म्हटलं तर त्याने संगणकावरची फाइल पाठवली. भोकांची मापं मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्यापर्यंत, कडांची गोलाई, सगळं.

मी फोन केला. "यात तुझा गाल कुठे आहे?"

तो हसला. "मामा, सगळ्यांना तीच पट्टी बसते नं."

"मग तीच वापर की."

संध्याकाळी निरोप आला, दिवाळीत येतो म्हणून. तुकडा करवतून ठेवला आहे, भोकं अजून पाडलेली नाहीत. बाकाला एक जुना रिकामा दस्ता शिकंज्यात धरून त्यावर तो बांधणार, त्याला गाल टेकवायला लावणार, आणि काजळ या वेळी त्याच्या गालाला लावणार. बहिणीला आधीच सांगून ठेवलंय, नाही तर सणासुदीला पोराच्या तोंडाला काळं फासलं म्हणून घर डोक्यावर घेईल.