दांतांच्या कण्या

आपल्या भाषेनें दांतांस चावण्याखेरीज इतर पुष्कळ कामें लावून दिलीं आहेत. राग आला कीं आपण दांतओंठ खातों, विनवण्या करून थकलों कीं दांतांच्या कण्या होतात, आणि घरच्याच माणसाचें उणें निघालें कीं ‘आपलेच दांत आणि आपलेच ओंठ’ म्हणून गप्प बसतों. यांतला कण्यांचा वाक्प्रचार मात्र निव्वळ अलंकार नव्हे. दांतांच्या कण्या खरोखरीच होतात. फक्त त्या इतक्या सावकाश होतात कीं ज्याच्या तोंडांत हा उद्योग चालतो त्याला त्याची वार्ताही नसते.

किडलेला दांत ठणकतो, हलणारा दांत जिभेला चाळा लावतो. झिजणारा दांत बहुधा कांहींच बोलत नाहीं. दांतावरचें कवच, ज्यास एनॅमल म्हणतात, तें मनुष्यशरीरांतील सर्वांत कठीण द्रव्य. वजनानें त्याचा सुमारें शेंकडा ९६ भाग खनिजच असतो. पण या कठीणपणाची किंमतही मोठी आहे. मोडलेलें हाड सांधतें, कापलेली कातडी भरून येते. एनॅमल घडविणाऱ्या पेशी मात्र दांत हिरडीबाहेर आला कीं नाहींशा होतात. सहाव्या वर्षाच्या सुमारास येणारी पहिली पक्की दाढ जें कवच घेऊन येते, तेवढ्यावरच तिला जन्म काढावयाचा असतो. ही ठेव बिनव्याजी. वहींत खर्चाचीच बाजू भरावयाची.

थोडी झीज ही वयाचीच खूण आहे, आणि तिच्याविषयीं कोणी हळहळूं नये. चिंता करावयाची ती चाळिशींतच दांत सत्तरीचे दिसूं लागले म्हणजे. अशा वेळीं ‘वय झालें’ म्हणून भागत नाहीं. झिजलेला दांत हा एक लेख असतो, व तो नीट वाचला तर झिजविणारा कोण हें त्यांत बहुधा सांपडतें. दांतावर दांत घासला असेल तर दोहोंवर सपाट चकाकते डाग पडतात, आणि वरचा डाग खालच्यावर जात्याच्या दगडासारखा नेमका बसतो. बाहेरची वस्तु घासली असेल तर हिरडीलगत खांचा दिसतात. आमच्या एका आत्याबाईंच्या दांतांवर मिशेरीनें पाडलेल्या अशा खांचा आम्हीं लहानपणीं पाहिल्या आहेत, आणि आज तेंच काम राठ ब्रशानें जोर करून दांत घासणारे सुशिक्षित लोक करीत असतात. तिसरा शत्रु आम्ल. सकाळचें लिंबूपाणी, बाटलींतलीं शीतपेयें, किंवा पोटांतून वर येणारें आंबट पाणी यांनीं कवच विरघळतें. दाढेच्या टोकांवर पणतीसारखे खळगे पडतात, आणि पूर्वीं भरलेलें चांदीचें सिमेंट भोवतालची माती वाहून जाऊन दगड उघडा पडावा तसें वर दिसूं लागतें. आम्लानें कवच मऊ झालें असतां लगेच ब्रश फिरविणें म्हणजे ओल्या भिंतीवर खराटा मारणें होय. अर्धा-पाऊण तास थांबलें तर लाळ पुष्कळसें सांवरून घेते. बहुतेक तोंडांत हे तिघेही शत्रु एकमेकांच्या साहाय्यानें काम करतात, म्हणून लेख वाचणें सोपें नसतें.

आमच्या तोंडांतील लेख वाचला गेला तो एका भाजलेल्या चण्यामुळें. पुढच्या दांताचा कोपरा उडाला, आणि आम्ही तो बसवून घेण्यास गेलों. डॉक्टरीणबाई वयानें आमच्या कन्येएवढ्या. त्यांनीं अर्धा तासपर्यंत त्या दांताकडे ढुंकूनही पाहिलें नाहीं. सकाळीं उठल्यावर जबडा आंबलेला असतो काय, कानशिलें दुखतात काय, कोणत्या बाजूनें जेवतां, छातींत जळजळतें काय, अशा प्रश्नांची त्यांनीं सरबत्ती केली. गालांवर बोटें ठेवून दांत आवळावयास लाविलें. मग आमच्या लग्नांतला फोटो आणण्यास सांगितलें. त्या फोटोंत आमच्या हंसण्यांत वरचे दांत चांगले ठसठशीत दिसत होते. आतां हंसतांना ओंठच काय तो दिसे. रात्रीं कांहीं आवाज होतो काय, असें त्यांनीं विचारतांच आमच्या मंडळींनीं एकदम सांगितलें, ‘‘अहो, मी तर खाटेखालीं उंदीर कुरतडतो म्हणून दोन रात्रीं सांपळा लावला होता!’’

‘‘काका,’’ त्या म्हणाल्या, ‘‘कोपरा आज बसवून देतें. पण तो कां उडाला हें ठरल्यावांचून तो टिकणार नाहीं.’’

झोंपेंत दांत खाण्याचें मूळ दांतांत नसून मेंदूच्या व झोंपेच्या व्यापारांत आहे, असें हल्लींचें मत आहे. चिंतेनें तें वाढतें. लहान मुलें दांत खातात तेव्हां आपल्याकडे जंतांवर संशय जातो, पण बहुतेकांची ती खोड वयाबरोबर आपोआप जाते. आमच्या बाबतींत भर पडली ती दांतांच्या ठेवणीची. खालच्या डाव्या दोन दाढा बावीस वर्षांपूर्वीं काढलेल्या. पंगतींतून दोघे उठले कीं शेजारचे सरकून ऐसपैस बसतात. तशी शेजारची दाढ कलली, वरची खालीं उतरली, आणि चावण्याचा सारा भार पुढच्या कोंवळ्या दांतांवर आला.

दुसऱ्या एका दंतवैद्यानें एका महिन्यांत सर्व दांतांवर टोप्या बसविण्याची योजना पुढें मांडली. ती सुबक होती. पण टोपी बसवावयाची तर दांत चारी बाजूंनीं कोरावा लागतो, आणि आमच्यापाशीं कोरण्यासारखें उरलें होतें किती! शिवाय झिजणारा दांत झिजतां झिजतां हळूहळू वरही येत असतो, त्यामुळें टोपीला जागाच राहत नाहीं. या अडचणीवर दाल नांवाच्या नॉर्वेजियन दंतवैद्यानें सहकाऱ्यांसह १९७५ सालीं एक मोठी सहनशील युक्ति प्रसिद्ध केली. पुढच्या झिजलेल्या दांतांमागें धातूची पातळ पट्टी बसवावयाची. मग तोंड मिटलें तरी दाढा एकमेकींस लागत नाहींत. कांहीं महिन्यांत पुढचे दांत किंचित् आंत दबतात, दाढा किंचित् वर येतात, आणि न कोरतां जागा मिळते. हल्लीं पट्टीऐवजीं दांताच्या रंगाचें कॉम्पोझिट थेट चिकटवितात. तें मधूनमधून तुटतें व पुन्हा बसवावें लागतें; पण तुटतें तें कॉम्पोझिट, आपला दांत नव्हे. आम्हीं हाच मार्ग घेतला.

आरंभीं मात्र सहा महिने ठसे व फोटो घेऊन झीज चालू आहे कीं थांबली हेंच पाहणें झालें. रात्रीं अॅक्रिलिकचें कवच घालून निजावयाचें. त्यानें खोड जात नाहीं. दांतांऐवजीं तें स्वतः झिजतें, एवढेंच त्याचें व्रत. मग भर घालून दांत उंचावले. पहिला पंधरवडा आमचा ‘स’ घसरत होता, आणि दाढा मिळत नसल्यामुळें भाकरी दुधांत कुस्करून खावी लागे. डाव्या रिकाम्या जागीं लहान कवळी आली. पांचव्या महिन्यांत उजव्या दाढेखालीं एक शेंगदाणा कुटकन् फुटला. बऱ्याच दिवसांनीं कोणी ओळखीचा दारांत उभा राहावा तसें आम्हांस वाटलें.

‘दांत आहेत तर चणे नाहींत, चणे आहेत तर दांत नाहींत,’ असें आपले वाडवडील दैवाला दोष देऊन म्हणत आले. दैवाचा भाग असेलही. परंतु घरांतल्या एखाद्याचे दांत आंखूड, पिवळे वा टोकांशीं आरपार दिसूं लागले, थंड पाण्यानें शिणशिणूं लागले, किंवा त्याच्या खाटेखालचा उंदीर सांपळ्यांत येईना, तर तो दांत कसा बुजवावा हें विचारण्यापूर्वीं त्याला कोण खात आहे हें विचारावें. झीज वर्षानुवर्षांची असते. तिच्या दुरुस्तीलाही थोडा वेळ द्यावा, इतकेंच आमचें म्हणणें.